बोर्डावरची ‘फेलोशिप’ कशी वाचायची

वसमतचा रुग्ण मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगर, पुणे किंवा थेट मुंबईला गेला, की तिथे त्याची गाठ ‘फेलो’ नावाच्या डॉक्टरशी पडते. राउंडला तोच, संमतीपत्रावर सही घ्यायला तोच, रात्री-बेरात्री नळी बघायलाही तोच. मग वॉर्डाबाहेर नातेवाइकांत कुजबुज सुरू होते: शिकाऊ पोरं आपल्या माणसावर हात साफ करून घेतात.

फेलो शिकत असतो हे खरं, पण तो आधीच सर्जन असतो. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, पुढे तीन वर्षं एमएस किंवा डीएनबी, आणि त्यानंतर फेलोशिप. हर्निया, अपेंडिक्स त्याच्या हाताखालून गेलेले असतात. गुदाशयाचा कॅन्सर मात्र वेगळं प्रकरण. ओटीपोटाच्या हाडांमधली अरुंद जागा, शेजारून जाणाऱ्या लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा. गुदाशय भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढावा, हे इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडलं. आवरण फाटलं, तर कॅन्सर तिथेच उलटण्याचा धोका वाढतो. कुठल्या थरातून कापत जायचं हे पुस्तक वाचून कळत नाही. म्हणून फेलो आधी कॅमेरा धरतो, मग आतडं मोकळं करायला शिकतो, आणि अवघड टप्पा वरिष्ठ शेजारी उभे असताना करतो.

उलट टोकाचा गैरसमज असा, की बोर्डावर ‘फेलो’ दिसलं म्हणजे डॉक्टर मोठाच. हा शब्द फार सैल आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची ‘एफएनबी’ ही फेलोशिप दोन वर्षांची असते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचेही फेलोशिप अभ्यासक्रम आहेत. काही संघटनांची ‘फेलोशिप’ मात्र दोन-चार दिवसांचा कौशल्यवर्ग आणि एक परीक्षा एवढ्यावर मिळते. तो वर्ग वाईट नसतो, पण बोर्डावर दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा फेलोशिप कुठे केली आणि किती काळ, हे विचारायला लाजू नये.

‘हे तर मूळव्याधीचे डॉक्टर’ हा समज सर्वांत महागात पडतो. मोठं आतडं आणि गुदाशयाच्या शस्त्रक्रियेच्या या शाखेची सुरुवात तशीच झाली, हे खरं. लंडनचं सेंट मार्क्स हॉस्पिटल १८३५ मध्ये भगंदर आणि गुदविकारांच्या गरीब रुग्णांसाठी सात खाटांवर उघडलं. आज मात्र कॅन्सर हा या विभागाच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि तो म्हाताऱ्यांचाच आजार नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास होतं. संडासवाटे रक्त पडलं की भिंतीवरची ‘बिना ऑपरेशन’ जाहिरात वाचून महिनोन्‌महिने औषध घेणारे आपल्याकडे पुष्कळ. खरं तर अशा वेळी बोटाने गुदाशय तपासायला फेलोशिप लागत नाही, सरकारी दवाखान्यातला एमबीबीएस डॉक्टरही ते करू शकतो.

राहिली आतड्याचं तोंड पोटावर काढून मल गोळा करायला लावलेली पिशवी. ती जन्मभराचीच असते असं नाही. आतड्याचा खालचा जोड भरून येईपर्यंत ठेवलेली पिशवी बऱ्याचदा काही महिन्यांनी काढून टाकता येते. ती कुठे येणार हे ऑपरेशनआधी ठरवणं हाही प्रशिक्षणाचाच भाग. रुग्णाला बसवून, वाकवून, धोतराची किंवा साडीची गाठ कुठे येते ते पाहून पोटावर पेनने खूण करतात. आंघोळीत ती पुसली गेली, तर ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधी सांगावं.