नावाचा तुकडा

पातूरच्या तहसील कार्यालयाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मधूनच एखादी लग्नपत्रिका. परवा आलेगावच्या एक आजी आल्या. २००९ साली त्यांच्या घरच्या वाटणीचा मसुदा माझ्याकडेच टाईप झाला होता. घरची प्रत वाळवीनं खाल्ली आणि आता विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन पोरं एकमेकांशी बोलत नाहीत. "त्यात काय लिवलं होतं, तेवढं पाहून द्या ना बाप्पा!"

"कोणाच्या नावानं होता, आजी?"

आजींनी पदर सावरला. नवऱ्याचं नाव काही त्या घेईनात. शेवटी म्हणाल्या, "रामाच्या बापाचं जे नाव, तेच त्यायचं."

दशरथ! मी इंग्रजी अक्षरांत 'दशरथ आलेगाव' असं टाकलं. कॉम्प्युटरनं कोरी पाटी दाखवली.

दोष यंत्राचा नव्हता. तेव्हा कामाला असलेला पोरगा स्पेलिंग मनाचं करायचा. आलेगावच्या सुरुवातीला एक 'ए' की दोन, शेवटी 'ओ-एन' की 'व्ही', हे त्याच्या त्या दिवसाच्या लहरीवर! फाईलच्या आतला मजकूर शोधावा, तर तीही सोय नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेलं आपल्याला मराठी दिसतं. यंत्राच्या लेखी मात्र ती भलत्याच अक्षरांची रांग असते. म्हणजे धरायला उरलं फक्त फाईलचं नाव.

अशा वेळी कामी येते ती चांदणी. डॉसच्या काळापासून ती आहे. चांदणी म्हणजे 'इथं काहीही असो', प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथं कोणतंही एक अक्षर'. पण डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचं, आणि नावात चांदणीनंतर जे लिहाल ते यंत्र सोडूनच द्यायचं. सुरुवात आठवली तरच फाईल सापडे. १९९५ साली विंडोज ९५ आलं, लांब नावं आली आणि नावाच्या पोटातला तुकडाही शोधता येऊ लागला. आजच्या विंडोजच्या शोधपेटीत मात्र मधला तुकडा नुसता टाकला तर बहुधा हुकतो; दोन्ही बाजूंना चांदणी द्यावी. देवनागरीत नावं देता येऊ लागली म्हणून सुटका झाली असंही नाही. कुणी 'पातूर' लिहितो, कुणी 'पातुर'. 'पात' एवढंच शोधलं की दोन्ही हाती लागतात. पूर्ण नावाचा आग्रह धराल तर फसाल. ज्यात चूक होण्याची शक्यता कमी, तेवढाच तुकडा धरावा, हे मला या धंद्यानं शिकवलं.

आलेगाव कसंही लिहा, 'एल-ई-जी' ही तीन अक्षरं सुटत नाहीत. इंग्रजीत त्याचा अर्थ पाय, तो भाग वेगळा. तो पाय धरला तर चाळीसेक फाईली आल्या. मग त्याच्या आधी दशरथातला 'आर-ए-टी' जोडला. एकच उरली! पठ्ठ्यानं दशरथमधला 'एच' गाळला होता आणि आलेगावला दोन 'ए' दिले होते.

जुना फॉन्ट टाकून फाईल उघडली. सह्या नसलेल्या मसुद्याला कायद्यात किंमत नाही, हे आजींना आधीच सांगितलं. "कायद्याले नाही वाचून दाखवायचा मले," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. पाणी दिवसाआड, आणि मोटारीचा खर्च निम्मा-निम्मा.

"दोन प्रती काढा. एक थोरल्याले, एक लहान्याले." आजींनी दोन्ही कागद वेगवेगळे दुमडले, पिशवीत घातले आणि आलेगावची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.