दशविध परीक्षा : कारखान्याची आणि रसशाळेची

ओझर म्हटले की भाविकांना जुन्नरजवळचा विघ्नहर आठवतो. नाशिक जिल्ह्यातील आमचे ओझर मात्र टपालापासून एस.टी.च्या पाटीपर्यंत 'ओझर मिग' म्हणूनच ओळखले जाते. १९६४ साली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना येथे उभा राहिला. विमानांच्या कारखान्याशी वैद्यांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे, कारण आपल्या सभासदांपैकी काहींच्या मनात सध्या सामुदायिक रसशाळा काढण्याचे घोळत आहे.

कोणत्याही उद्योगाने पुढील आखणी करण्यापूर्वी स्वतःच्या अंतर्गत कारभाराची तपासणी करावी, असे व्यवस्थापनशास्त्र सांगते. चरकसंहितेच्या विमानस्थानात दशविध परीक्षा सांगितली आहे, तीही चिकित्सेपूर्वी रुग्णाचे बल आणि दोषाचे प्रमाण कळावे म्हणूनच. बल न पाहता तीक्ष्ण शोधन देणारा वैद्य आणि क्षमता न पाहता मागणी स्वीकारणारा व्यवस्थापक, दोघांचीही चूक एकाच जातीची आहे.

ओझरचा कारखाना ज्या मिग-२१साठी जन्मला, त्याच्या सांगाड्याचे काम येथे, इंजिनाचे ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्रीचे हैदराबादला, अशी वाटणी होती. पुढे मिग-२७ आले. २००० सालच्या करारानंतर सुखोई-३० आले. भारतीय वायुदलासाठी मागविलेल्या २७२ सुखोईंपैकी बहुतांश विमानांची जुळणी याच ओझरमध्ये झाली. मात्र ही मागणी पुरी होत आली, तसा प्रश्न उभा राहिला : कुशल हात आणि सज्ज हँगर आहेत, पण उद्या काम कोणते? अशा वेळी स्वतःचे 'सार' आणि 'सात्म्य' नेमके ठाऊक असणे उपयोगी पडते. जुळणीतील दीर्घ अनुभव, विमानांच्या संपूर्ण दुरुस्तीची सोय आणि स्वतःची धावपट्टी ही येथील बलस्थाने होती. डिसेंबर २०२४मध्ये आणखी १२ सुखोईंचा करार झाला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए विमानांच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन येथे झाले. वर्षाला ८ विमाने ही तिची अपेक्षित क्षमता. योगायोग असा, की त्याच्या तीनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाले होते.

पण याच तेजसने दुसरी बाजूही दाखविली. २०२१ साली ८३ विमानांचा करार झाला, मात्र अमेरिकेहून येणारी इंजिने रखडली आणि ठरल्या वेळी विमाने सुपूर्द होऊ शकली नाहीत. आमच्या परिभाषेत सांगायचे, तर जरणशक्ती उत्तम, पण आहारच वेळेवर नाही. कारखान्याची क्षमता मोजताना यंत्रे आणि माणसे मोजून भागत नाही, काम नेमके कोठे अडून बसते ते शोधावे लागते.

रसशाळेत तर हे पदोपदी दिसते. आमच्या परिचयातील एका छोट्या रसशाळेने मागणी वाढली म्हणून काढ्यासाठी मोठी भट्टी आणि नवी कढई घेतली. तरी वर्षअखेर अरिष्टाच्या बाटल्या पूर्वीइतक्याच भरल्या! संधानाला महिनाभर लागतो आणि संधानपात्रे होती तितकीच राहिली, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. कर्ज भट्टीचे, अडचण पात्रांची. च्यवनप्राशाचे तसेच : आवळा येतो हिवाळ्यात, त्याचे पैसे रोख द्यावे लागतात, आणि विक्रीची वसुली मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रेंगाळते. ही विकृती ताळेबंदात चटकन दिसत नाही, तिला प्रश्नपरीक्षाच हवी, आणि प्रश्न मालकापेक्षा भट्टीवरच्या कामगाराला विचारलेला बरा.

स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास शेड्यूल टी मधील उत्तम निर्मितीपद्धतीच्या अटींतून सूट आहे. बाजारात विक्री करू म्हणताच ती सूट संपते, आणि जागा, नोंदी, गुणवत्ता तपासणी, तज्ज्ञ मनुष्यबळ हे सारे आले. म्हणून सामुदायिक रसशाळेची वर्गणी गोळा करण्यापूर्वी इच्छुक सभासदांनी आपण सध्या कोणती औषधे, किती प्रमाणात आणि किती दिवसांत करतो, कच्चा माल कोठून घेतो आणि उधारी किती आहे, हे गेल्या वर्षाच्या वहीतून उतरवून आणावे. ज्यांच्याकडे वहीच नाही, त्यांनी आजपासून ती सुरू करावी. पुढील बैठकीत आम्ही प्रथम या वह्या पाहू, जागेचा विषय त्यानंतर.