बोटीचा बेत मोडला तर?

मैत्रिणींनो, २०२१ साली कॉर्डेलियाची बोट मुंबईहून सुटू लागली. अकोल्याहून गाडीने मुंबई गाठावी आणि बोटीने गोवा बघावा, ही हौस बार्शीटाकळीत बसून आपल्यालाही असतेच की! पण ऐन वेळी सासूबाईंना दवाखान्यात भरती करावं लागलं तर? तारीख जवळ येते तसं तिकिटाचे पैसे जास्त कापले जातात. रेल्वे तिकिटासोबत काही पैशांत मिळणारा विमा अपघातापुरता; तो इथे कामाचा नाही. प्रवासविम्यात ‘प्रवास रद्द’ हे कलम आहे ना, ते बघा. कारणं ठरलेली असतात. नुसतं मन बदललेलं चालत नाही. घरी राहणाऱ्या सासूबाईंचं आजारपण त्यात धरतात का, त्यांचा जुना दमा वगळलाय का, हे स्पष्ट विचारा. एजंट ‘सगळं येतं’ म्हणाला, तर बाई, कागदावर दाखव म्हणावं! आणि विमा घ्यायचा तो तिकिटाबरोबरच. आजारपण आल्यावर कोण देतो?