पाहुण्यांच्या बाथरूममधली डबी

पाहुणे येणार म्हटलं की धुतलेला टॉवेल, नवा साबण आठवणीने बाहेर निघतो. पॅड मात्र कपाटात, तेही काळ्या पिशवीत! मग अचानक पाळी आलेली भाची मामीला स्वयंपाकघरात गाठून कुजबुजते.

स्कॉटलंडमध्ये १५ ऑगस्ट २०२२ पासून शाळा-कॉलेजांत पाळीची साधनं मोफत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे २०१८च्या जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला.

घरी ही सोय करायला खर्च किरकोळच. बेसिनशेजारी डबी, तिच्यात लहान-मोठे चार-सहा पॅड, वर्तमानपत्राचे तुकडे. खाली झाकणाचा कचऱ्याचा डबा हवाच. नाहीतर पॅड कमोडमध्ये जातो, फुगतो, पाइप तुंबतो.

वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्या पुडीवर लाल ठिपका काढावा. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांची तीच मागणी होती: पुडी उघडून बघायची वेळ येऊ नये.