तातडीच्या उपचारांचे बिल : 1989 ते 2025

अपघातग्रस्ताला दारातूनच परत पाठवण्याची रीत भारतातील रुग्णालयांत एकेकाळी नियमासारखी रुळली होती. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने ‘पोलीस केस’ म्हणून घेतले नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितले आणि तो वाटेतच गेला. त्यावरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये निकाल दिला की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, त्याने आधी जीव वाचवायचा. पोलिसी सोपस्कार नंतर. रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कोलकाता परिसरातील सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक नाकारले, तेव्हा त्याला खासगी रुग्णालयात सुमारे 17 हजार रुपये मोजावे लागले होते. त्या प्रकरणात 1996 मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला 25 हजारांची भरपाई द्यायला लावली. या निकालांनी दार उघडले. खासगी रुग्णालयाने आत घेतल्यावर किती आकारायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

महाराष्ट्रातही तो कायद्याच्या कक्षेबाहेरच होता. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात नोंदणीची तरतूद होती, दरांची नव्हती. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये योजना मंजूर केली. त्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम मागायची नाही. पुढे 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) आणि 2014 मध्ये 108 ची मोफत रुग्णवाहिका आली. गरिबांना यांचा खरा आधार झाला. योजनेच्या यादीत नसलेले रुग्णालय गाठावे लागले, तर मात्र खिशातूनच पैसे जात.

बिल फुगते कुठे, हे 2018 मध्ये सरकारी कागदावर आले. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली. सलाइनच्या नळीला जोडायचा ‘थ्री-वे स्टॉपकॉक’ हा प्लास्टिकचा छोटा तुकडा रुग्णालयाला 5 रुपये 77 पैशांना पडला होता आणि त्यावर छापील किंमत होती 106 रुपये. म्हणजे नफा 1,737 टक्के! छापील किमतीपेक्षा जास्त घेतले नसल्याने हे सारे कायद्यात बसत होते. हातमोजे, सिरिंज, कॅथेटर असे किती नग लागले, हे आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना दिसत नाही. कॅज्युअल्टीत आणलेल्या रुग्णासाठी चार ठिकाणी भाव विचारत फिरणे शक्य नसते. संमतिपत्रावर सही करून डिपॉझिट भरणे एवढेच घरच्यांच्या हाती उरते. बाजारात गिऱ्हाईक ‘नको’ म्हणू शकते. इथे ती सोयच नाही, म्हणून दर बाजारावर सोडणे मुळातच अन्याय्य आहे.

दर ठरवता येतात, हे कोविडने दाखवून दिले. मे 2020 मध्ये महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटांना सरकारी दर लावले: वॉर्ड 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये रोज. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले आणि जादा घेतलेले पैसे अनेकांना परत मिळाले. पळवाटाही लगेच निघाल्या. पीपीई किट आणि महागडी औषधे या दरांतून वगळलेली होती, त्यामुळे बिलाचा फुगवटा त्या रकान्यांत सरकला. तरीही राज्याने खासगी बिलात इतका थेट हात घातल्याचा हा दुर्मीळ काळ होता. साथ ओसरली आणि दरही गेले.

जानेवारी 2021 च्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांमुळे दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. मात्र पत्रकावरचे दर रुग्णालय स्वतःच ठरवते. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे प्रमाणित दर ठरवण्यास सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राला बजावले. एप्रिल 2025 मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीकडे 10 लाखांची अनामत मागितल्याचा आणि दाखल करून न घेतल्याचा आरोप झाला. तिचा त्याआधीच मृत्यू झाला होता. या प्रकरणामुळे 2006 च्या योजनेतील अनामतीचा नियम पुन्हा चर्चेत आला. त्याच वर्षी मे महिन्यात रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची केंद्रीय योजना लागू झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा सर्पदंशाच्या रुग्णाला तिचा उपयोग नाही. अशा रुग्णाकडून महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयाने आयसीयूच्या एका दिवसाचे जास्तीत जास्त किती घ्यावेत, याला 2025 मध्येही कायद्याची मर्यादा नव्हती.