जुन्या मोटारीला डिस्क ब्रेक बसविताना

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर तयार होणाऱ्या अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तरीही हौसेने जपलेल्या अनेक अँबॅसडर आजही रस्त्यावर दिसतात. यांतील जुन्या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसवून घ्यावेत, असा विचार मालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र हा बदल म्हणजे एक सुटा भाग काढून दुसरा बसविणे नव्हे.

ब्रेक हे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन होय. वेग ताशी ४० वरून ८० किलोमीटर झाला, की ही उष्णता चौपट होते. ड्रम ब्रेकमध्ये ती बंदिस्त डब्यात कोंडते. लांब घाट उतरताना ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड घटते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा डिस्क ब्रेक हवेने लवकर थंड होतो आणि पाण्यातून गेल्यावरही लवकर कोरडा होतो. १९५३ च्या ल मान्स शर्यतीत जग्वारच्या विजयाने या पद्धतीचे सामर्थ्य जगापुढे आले.

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे रोधनाचे बहुतांश काम पुढील चाके करतात. डिस्क प्रथम पुढे बसविण्याचे कारण हेच.

ड्रममध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो व त्यामुळे तो अधिकच आवळला जातो. डिस्कमध्ये ही मदत मिळत नाही. पेडल जड होते आणि निर्वात दाबावर चालणारा बूस्टर बहुधा आवश्यक ठरतो. कॅलिपरला ब्रेक ऑइल अधिक लागते, म्हणून मास्टर सिलिंडरचे मापही तपासावे लागते. काही जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. तो दाब डिस्कच्या मार्गात राहिल्यास पॅड सतत घासून तापतात. मागील ब्रेकचा जोर प्रमाणाबाहेर राहिला, तर मागील चाके आधी जखडून गाडी आडवी फिरू शकते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच तेलमार्ग असतो. एक नळी फुटली, तर पायाचा ब्रेक पूर्णपणे निकामी होतो. त्यामुळे दुहेरी मार्गाचा मास्टर सिलिंडर याच वेळी बसवून घेणे हिताचे असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांविषयी तरतुदी आहेत. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, विमा कंपनीस लेखी कळवावे आणि सर्व पावत्या जपून ठेवाव्यात. अपघातानंतर दाव्याच्या वेळी ही कागदपत्रे उपयोगी पडतात.

शहरात मंद गतीने फिरणाऱ्या गाडीला नवे लायनर, ताजे ब्रेक ऑइल, निर्दोष नळ्या आणि शूंची योग्य जुळणी एवढे पुरेसे ठरू शकते. अखेर गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. घाटरस्त्यांवर वा महामार्गावर नियमित प्रवास असेल, तरच डिस्कवरील खर्च सार्थकी लागतो. तेव्हा मात्र तो संपूर्ण यंत्रणेवर करावा, अर्ध्यावर थांबू नये.