बाळंतपणानंतरची टाचदुखी

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभ्या असलेल्या मातांचे बोलणे ऐकले, तर एक तक्रार वारंवार कानी पडते. कडेवर चार-सहा महिन्यांचे धाकटे बाळ असलेली आई सांगते, "सकाळी उठल्यावर पाय टेकवतच नाही हो. भिंतीला धरून मोरीपर्यंत जाते. मग हळूहळू पाय सुटतात." यावर उत्तरही ठरलेले असते, "बाळंतपणानंतर होतंच असं. वात आहे तो." आणि विषय तिथेच संपतो. आमच्या मते तो तिथे संपू नये. एक तर या दुखण्याचे कारण समजण्यासारखे आहे आणि त्यावर घरच्या घरी बरेच काही करता येते. दुसरे असे की, क्वचित का होईना, 'होतंच असं' म्हणून सोडून दिलेले दुखणे वेगळेच निघते. ते वेळीच ओळखता आले पाहिजे.

आधी सर्वांत जास्त आढळणारे कारण पाहू. आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. ती सपाट रचलेली नसून त्यांची कमान झालेली असते. ही कमान ताणून धरायला टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याला दोरी असावी तसाच हा पट्टा कमानीला असतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते, त्यामुळे पट्टा सैल आणि आखडलेल्या अवस्थेत तासन् तास पडून असतो. सकाळी उठून सगळा भार एकदम पावलावर टाकला की तो झटक्यात ताणला जातो आणि जिथे तो टाचेच्या हाडाला चिकटलेला असतो तिथे खिळा रुतावा तशी कळ येते. दहा-पंधरा मिनिटे चालले की पट्टा मोकळा होतो व दुखणे कमी होते. पण फार वेळ उभे राहिले, किंवा बराच वेळ मांडी घालून बसून मग उठले, की ते पुन्हा डोके वर काढते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर याचे नाव 'प्लांटर फॅसिआयटिस' असे दिसते. ओळखायची साधी खूण अशी, की तळव्याकडून टाचेच्या पुढच्या, आतल्या बाजूला अंगठ्याने दाबले तर नेमके तिथेच दुखते.

एक्स-रे काढला की कधी कधी टाचेखाली हाडाचे टोक वाढलेले दिसते आणि घरात घबराट होते, 'टाचेचं हाड वाढलंय, आता ऑपरेशन!' असे टोक काडीचाही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या टाचेत असते. दुखणे हाडाच्या टोकाचे नसून पट्ट्याचे असते. शिवाय या पट्ट्यात निव्वळ सूज नसते. वारंवार ताण पडून त्याचे तंतू झिजलेले असतात. म्हणून नुसत्या दुखणे थांबवणाऱ्या गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटते, मूळ तक्रार राहते.

हे बाळंतपणानंतरच का व्हावे? गरोदरपणात दहा-बारा किलो वजन वाढते आणि पोट पुढे आल्यामुळे शरीराचा तोलही बदलतो. त्याच काळात शरीरात जी संप्रेरके वाढतात, त्यांतील 'रिलॅक्सिन' हे सांध्यांचे बंध सैल करण्यास हातभार लावते. बाळाला वाट मिळावी म्हणून ही निसर्गाची सोय आहे, पण बंध सैल होतात ते केवळ कमरेचेच असे नाही. पावलाची कमानही थोडी बसते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी ४९ स्त्रियांची पावले गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणींची पावले लांब-रुंद झालेली आढळली. लांबीतील वाढ २ ते १० मिलिमीटर होती, आणि हा बदल मुख्यतः पहिल्या बाळंतपणात झालेला दिसला. तेव्हा 'लग्नातली चप्पल आता होत नाही' ही तक्रार खरीच असते, मनाचे खेळ नव्हेत.

त्यात पुढे भर पडते ती घरातल्या दिनक्रमाची. महिना-सव्वा महिना खाटेवर गेल्याने पोटऱ्या अशक्त व आखडलेल्या असतात. मग एकदम सगळे काम अंगावर येते. जन्मतः तीन किलोच्या आसपास असलेले बाळ पाच महिन्यांत दुप्पट होते आणि तेच कडेवर घेऊन रात्री दोन वाजता फेऱ्या मारायच्या असतात, त्याही अनवाणी. आमच्या इंदुरातल्या बहुतेक घरांत खाली कोटा फरशी किंवा टाइल्स असतात. पणजीबाईंच्या वेळी वाड्यात शेणाने सारवलेली जमीन होती, तिच्यात थोडी तरी माया होती. दगडी फरशी पावलाला काहीच देत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत तर ती बर्फासारखी गार असते. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला पाटावर बसायचे आणि ओल्या बाळाला घेऊन तसेच उठायचे, हा आणखी एक ताण. यातले एकेक कारण किरकोळ आहे, पण सगळी एकाच सहा महिन्यांत येऊन पडतात.

आता उपाय. सर्वांत उपयोगी उपाय फुकटचा आहे आणि तो अंथरुणातच करायचा आहे. महत्त्वाची गोष्ट ही, की तो पहिले पाऊल जमिनीवर टेकण्यापूर्वी करायचा, नंतर नव्हे. बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा. हाताने पायाची बोटे, विशेषतः अंगठा, नडगीच्या दिशेने मागे ओढावीत. तळव्यात पट्टा दोरीसारखा ताठ झालेला दुसऱ्या हाताला लागला पाहिजे. दहा आकडे मोजेपर्यंत धरून सोडावे. असे दहा वेळा. दिवसातून तीनदा करायचे असले, तरी सकाळची पाळी चुकवू नये. सिझेरियनच्या टाक्यांमुळे वाकता येत नसेल तर पाय लांब करून चवड्याखालून ओढणी किंवा पंचा घ्यावा आणि दोन्ही टोके स्वतःकडे ओढावीत. रात्री बाळ उठले, तर त्याला घेण्याआधी निदान चार-पाच वेळा तरी हे करून मगच उठावे. बाळ तेवढा वेळ रडले तर रडू द्यावे. हे वाक्य वाचून काही आज्या आमच्यावर रागावतील, पण कळ येऊन बाळासकट तोल जाण्यापेक्षा ते बरे.

दुसरा व्यायाम पोटरीचा. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट, आणि पुढच्या पायाचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुकावे. पोटरी ताणलेली जाणवली की अर्धा मिनिट थांबावे. दोन-तीन वेळा पुरे.

तिसरी गोष्ट चपलेची. पलंगाशेजारी जाड, मऊ तळाची आणि कमानीला थोडा आधार असलेली चप्पल ठेवावी व पाय थेट त्यातच टाकावेत. घरात चप्पल घालणे आपल्याकडे बऱ्याच घरांत रुचत नाही, हे आम्ही जाणतो. देवघर व स्वयंपाकघर यांची अडचण वाटत असेल तर घरापुरती वेगळी, नवी, कधी बाहेर न नेलेली चप्पल ठेवावी. सासूबाईंनी स्वतः आणून दिली, तर तो प्रश्न एका दिवसात सुटतो! अगदी सपाट, पातळ स्लिपर मात्र उपयोगाची नाही. ती फरशीपेक्षा फारशी निराळी नसते.

शेकण्याविषयी मतभेद फार. बाळंतिणीला गार लावू नये असे जुनी मंडळी सांगतात. संध्याकाळी टाच ठणकत असेल तर पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून, पायाखाली दहा मिनिटे फिरवल्याने बऱ्याच जणींना आराम पडतो. ज्यांना गार सोसत नाही, किंवा जिथे घरात त्यावरून वाद होईल, तिथे गरम पाण्यात पाय बुडवावेत. बरे वाटणे महत्त्वाचे. दुखणे मुरण्याआधी सुरुवात केली आणि नेमाने केले, तर काही आठवड्यांत फरक जाणवतो. पूर्ण बरे व्हायला मात्र अनेक महिने, कधी वर्षही लागते. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणाऱ्याच जास्त असतात.

टाचेचे हे दुखणे आपल्या वैद्यांनाही नवे नाही. सुश्रुतसंहितेत 'वातकंटक' या नावाने पाय वेडावाकडा पडल्याने होणारी अशी वेदना आलेली आहे. तेव्हा 'वात आहे' म्हणणाऱ्या आजी अगदीच चुकत नाहीत. चूक होते ती सगळ्याच दुखण्यांना तो एकच शब्द लावण्यात.

कारण सगळी दुखणी टाचेची नसतात. दोन्ही पावले, चवडे, घोटे आखडले आहेत, सोबत हाताची बोटेही सुजली आहेत, मूठ वळत नाही, आणि हा ताठरपणा तासभर चालूनही जात नाही, असे असेल तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. संधिवात प्रथमच सुरू होण्याचा संभव बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत वाढतो. तो लवकर ओळखला तर सांधे वाचतात, म्हणून तिथे सहा महिने वाट पाहणे परवडत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही स्त्रियांची थायरॉईड ग्रंथीही बिघडते. अंग दुखणे, पाय जड होणे, कमालीचा थकवा, बद्धकोष्ठ, मन उदास, हे सारे 'बाळामुळे झोप नाही' या सदरात घातले जाते, पण रक्ताच्या एका साध्या तपासणीत ते कळते. तसेच ड जीवनसत्त्वाचे. आपल्याकडे ऊन मुबलक असूनही त्याची कमतरता सर्रास आढळते, आणि बाळंतीण तर अंधाऱ्या खोलीत असते. उकिडवे बसून उठताना मांड्यांत बळच नसणे, हाडे दुखणे ही त्याची लक्षणे. गोळ्या-पुड्या तपासणीनंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच घ्याव्यात, कारण हे जीवनसत्त्व अती झाले तरी बाधते.

आता जे सर्वांत महत्त्वाचे, ते मालिशवाल्या बाईंसंबंधी. प्रसूतीनंतरचे काही दिवस दोन्ही पायांना थोडी सूज असते आणि ती साधारण आठवडाभरात उतरते. पण एकच पोटरी सुजली, गरम लागते, लाल झाली, दाबले की दुखते, असे असेल तर त्या पायाला मालिश मुळीच करू नये. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका सर्वाधिक असतो, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दम लागला किंवा छातीत दुखले तर तासाचाही उशीर नको. तोंडावर-हातांवर अचानक सूज, जोराचे डोके दुखणे, डोळ्यांपुढे चमकणे हे रक्तदाब वाढल्याचे लक्षण असू शकते आणि ते बाळ झाल्यावरही होते. मालिशवाल्या बाई अनुभवी असतात, त्यांच्या हाताला गुण असतो. ही एक गोष्ट त्यांना घरच्यांनी आवर्जून सांगावी.

अंगावर पाजणाऱ्या आईने दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. पॅरासिटामॉलसारखी काही औषधे त्या काळात चालतात, त्यामुळे 'बाळाला पाजतेय म्हणून मी सोसतेच' असा हट्ट नको. मात्र बाजारात मिळणारी, पुडीवर नाव-गाव नसलेली 'वाताची पूड' कटाक्षाने टाळावी. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख तुमच्यासाठी नाही असे समजू नका. ज्यांच्या घरी नुकते भावंड आले आहे किंवा मामी, काकू, ताई बाळंतपणाला आली आहे, त्यांनी रात्री झोपताना तिची चप्पल पलंगाशी नीट जोडून ठेवावी. न्हाऊ घातलेले बाळ तिच्या हातातून आधी आपल्या हातात घ्यावे आणि मग तिला पाटावरून उठू द्यावे. मोठ्या मुलांना एवढे सहज जमते.

आणि विश्वस्त मंडळींस एक विनंती. कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली, हे चांगलेच झाले. पण रजेवरून परतलेली शिक्षिका पहिल्या दिवसापासून सलग तासांना दगडी फरशीवर उभी राहते. खुर्ची असते, पण वर्गात बसून शिकवणे म्हणजे आळस अशी आपली जुनी समजूत आहे. परतल्यानंतरचे पहिले वर्षभर तरी तिला बसून शिकवण्याची मोकळीक असावी, फळ्यासमोर एक जाड सतरंजी टाकावी, आणि तिचे तास लावताना सलग चार येणार नाहीत इतके पाहावे. फाटकाबाहेर तान्ही मुले घेऊन अर्धा-अर्धा तास उभ्या राहणाऱ्या मातांसाठी सावलीत दोन बाकही हवेत. शाळेच्या मागच्या पडवीत जुने बाक पडून आहेत. त्यांतले दोन दुरुस्त करून घेता येतील.